भावजींचा रशियन

मी मिरजेहून लग्न होऊन हुबळीला आले, तेव्हा कमरीपेठेतल्या महेंद्रकरांच्या घरात माणसं चार होती आणि ट्रॅक्टर एक. सकाळी सगळ्यांत आधी ट्रॅक्टरचाच आवाज व्हायचा. माणसं म्हणजे सासूबाई, सासरे, हे, म्हणजे माझे यजमान श्रीकांत, आणि ह्यांचे थोरले भाऊ भीमसेन. भीमसेनभावजींनी लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं मी एकदा सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी नुसतं परसाकडे बोट दाखवलं. परसात ट्रॅक्टर उभा होता.

तो रशियाचा होता. कुठल्याशा सरकारी शेतीफार्मच्या लिलावातून भावजींनी तो तरुणपणी आणला होता. लहानसा, लांब नाकाचा, आणि अंगावर जागोजागी अक्षरं कोरलेली. त्यातली निम्मी ओळखीची वाटायची आणि निम्मी उलटी. कमरीपेठेत सगळे त्याला रशियन म्हणायचे, आणि पुढे पुढे भावजींनाही रशियनअण्णा म्हणायला लागले. आमचं दुकान बारदानाचं, घराच्याच पुढच्या भागात. भावजी रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे ट्रेलरमध्ये घालून अमरगोळच्या मार्केट यार्डात नेत आणि येताना कुणाची मिरची, कुणाचा कापूस गावातल्या गोदामांत आणून टाकत. ह्या एवढ्या फेऱ्यांत त्यांचा जन्म गेला असता तरी त्यांची तक्रार नव्हती.

माझी होती. मला त्या ट्रॅक्टरचा मनापासून राग होता, हे आधीच सांगून टाकते. परसात पापड वाळत घालावेत, तर हा खोकून काळा धूर सोडायचा. जमिनीवर तेलाचे डाग. संध्याकाळी पाहुणे आले, की भावजी त्यांना आधी परसात नेणार, मग बसायला सांगणार. शिवाय त्याचं हँडल. पुढून घालून गरगरा फिरवून सुरू करायचं ते जाड लोखंडी हँडल भावजी रोज संध्याकाळी काढून पुसायचे आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायचे. त्या खिळ्यावर मी चहाची गाळणी लावली, की ती दुसऱ्या दिवशी फडताळात सापडायची. मी एकदा फणकाऱ्याने म्हटलं, की हे बाहेरच ठेवत जा. तर म्हणाले, हँडल घरात तर ट्रॅक्टर घरात, बाहेर ठेवलं तर कोणीही फिरवील. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून मी गाळणीसाठी दुसरा खिळा ठोकून घेतला.

माझ्या लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांतच तिकडे रशिया मोडला. टीव्हीवर बातम्या लागायच्या, हे आणि सासरे तावातावाने जगाचं काय होणार ते बोलायचे. भावजी एका कोपऱ्यात बसून ऐकायचे. शेवटी एकदा त्यांनी विचारलं, मग आता पार्ट कोण पाठवणार? सगळे हसले. मीही हसले.

पण प्रश्न खरा होता. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी नागोजीचं स्पेअर पार्टचं दुकान. नागोजी भावजींपेक्षा लहान, स्वभावाने गरीब, आणि ट्रॅक्टरच्या पार्टांत त्याच्याएवढी माहिती हुबळीत कुणाला नव्हती. भावजी दर सोमवारी, बाजार बंद असला तरी, त्याच्याकडे जायचे आणि कधी पंपाचा, कधी फिल्टरचा पार्ट विचारायचे. नागोजी गल्ल्यावरून मान न वळवता म्हणायचा, "स्टॉक इल्लरी." म्हणजे स्टॉक नाही हो. मग दोघं चहा प्यायचे. पुढे पुढे विचारणंही राहिलं नाही. भावजी लांबून दिसले, की नागोजी तिथूनच म्हणायचा, स्टॉक इल्लरी, आणि भावजी हात वर करून, ठाऊक आहे की, असं म्हणायचे. लोक रामराम करतात, तशी ह्या दोघांची ती रीत झाली.

दुसऱ्या कंपनीचा पार्ट बसवून घे, असं नागोजीने हजारदा सांगितलं असेल. भावजींनी एकही बसवला नाही. जुनाच खोलायचे, डिझेलमध्ये धुवायचे, घासायचे, परत बसवायचे. त्याचं त्यालाच, एवढंच म्हणायचे. मला वाटायचं हा हट्ट आहे. आता वाटतं, की ते ट्रॅक्टरशी माणसासारखं वागत होते आणि माणसाला दुसऱ्याचं काळीज लावायचं त्यांच्या मनाला येत नव्हतं.

मग टेंपो आले. यार्डात ट्रॅक्टर-ट्रेलरला कोणी हाक मारीना. सासूबाई गेल्या, सासरे गेले. भावजी दुकानात पोती मोजायला बसू लागले आणि रशियन परसात. रविवारी सकाळी हँडल मारून ते त्याला थोडा वेळ चालता ठेवायचे, की पुन्हा हँडल खिळ्यावर. असं होता होता दोन हजार चार साल उजाडलं. प्लॅस्टिकच्या पोत्यांनी बारदानाची मान मुरगळली होती. ह्यांच्या मनात प्लॅस्टिकचाही माल ठेवायचा होता आणि त्यासाठी परसात गोदाम बांधायचं होतं. ह्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घर चालवणाऱ्याला जागा दिसते, तिथे भावाचं बालपण किंवा तरुणपण दिसत नाही.

त्याच हिवाळ्यात प्रभंजन सर घरी आले. सर धारवाडच्या शाळेत ह्यांना इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कलघटगीजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले होते आणि तिथल्या जत्रेच्या कमिटीवर होते. जत्रेत पूर्वी बैलांकडून दगड ओढवायचे. यंदा सरांनी नवीन टूम काढली होती, जुन्या ट्रॅक्टरांची ओढण्याची शर्यत. लाकडी ओंडक्यांच्या सांगाड्याला खाली लोखंडी पत्रा मारायचा, वर दगड रचायचे, आणि तो सांगाडा कोण किती लांब ओढतो ते बघायचं. सरांचा पुतण्या साकेत अमेरिकेत. तिकडे म्हणे असल्या शर्यती होतात आणि त्यांचे नियम असतात. साकेतने ते नियम कॉम्प्युटरवरून धाडले होते आणि सरांनी ते कन्नडात उतरवले होते. आमच्या माजघरात बसून त्यांनी ते आम्हाला मराठीत समजावले.

मी पोहे करता करता ऐकत होते. टायर कंपनीने दिले त्याच मापाचे. टायरला साखळ्या बांधायच्या नाहीत. मागच्या हुकाची जमिनीपासून उंची ठरलेली, त्याहून वर गेला तर बाद. पुढे वजन टांगायचं ते ठरल्यापेक्षा जास्त नाही. इंजिन ठरल्यापेक्षा जोरात पळवायचं नाही. ओढताना चालवणाऱ्याने सीटवरून ढुंगण उचलायचं नाही. ह्यावर हे मोठ्याने हसले आणि सरही हसले. आणि सगळे पार्ट स्टॉक हवेत, सर पुढे म्हणाले, हा शब्द मी तसाच ठेवलाय, स्टॉक हुबळीत शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कळतच होतं.

भावजी पोत्यांच्या ढिगाशेजारी उभे होते. ते पुढे आले आणि विचारलं, की रशियन चालेल का? सर म्हणाले, चालेल म्हणजे काय, त्याच्यासाठीच तर आलोय. भावजींचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. नवऱ्या मुलीला पसंती कळवल्यासारखा तो उजळला.

सर गेल्यावर ह्यांनी विषय काढला. ते बरेच दिवस मनात घोळवत असणार. म्हणाले, "अण्णा, असं करू. जत्रेत त्याने चार लोकांसमोर ओढून दाखवलं, तर परस त्याचं, मी पुन्हा गोदामाचं नाव काढणार नाही. नाही ओढलं, तर पावसाळ्याआधी पाया काढायचा."

"ओढतोय की," भावजी म्हणाले. झाला शब्द.

पुढचे दिवस भावजींनी रशियनला लेकरासारखं न्हाऊमाखू घातलं. आणि माझं काय झालं कोण जाणे, एवढी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो जिंकावा असं मलाच वाटायला लागलं. मी जुनी लुगडी फाडून पुसायला दिली. भावजींचा पांढरा शर्ट खळ घालून इस्त्री केला. रशियनच्या नाकावर लावायला झेंडूचा हार केला. हे मला चिडवायचे, की तूच बस सीटवर. चिडवता चिडवता ह्यांनीही दोन टायरांत हवा भरून आणली.

जत्रेच्या दिवशी भावजी पहाटेच निघाले. आम्ही मागून बसने गेलो. मैदानावर पोचलो, तर बाकीचे ट्रॅक्टर लॉऱ्यांमध्ये बसून आलेले, आणि आमचा तेवढा स्वतःच्या चाकांवर आलेला, हार वाऱ्याने जरा विस्कटलेला. लोक त्याच्याभोवती जमून उलटी अक्षरं वाचत होते. मला उगाच अभिमान वाटला.

तपासणीला नागोजी होता. पार्टांतलं कळणारा माणूस म्हणून कमिटीने त्यालाच नेमलं होतं. हातात काठी घेऊन तो एकेका ट्रॅक्टरच्या हुकाची उंची बघत होता, टायर बघत होता, मग बॉनेट उघडून एकेका पार्टावर बोट ठेवत होता. कमिटीने पार्टांचा नियम सरळ लावला होता. जो पार्ट दुकानात स्टॉकमध्ये मिळतो, तोच चालेल. घरी लेथवर घडवलेलं, कुठून तरी चोरून आणून जास्त जोरासाठी बसवलेलं काही चालणार नाही. नियम वाईट नव्हता. सकाळीच एका पठ्ठ्याला त्यांनी घरगुती सायलेन्सरसाठी परत पाठवलं होतं. बाकीच्यांनी आदल्या आठवड्यात हुबळीत येऊन नवेकोरे पार्ट बसवून घेतले होते, काहींवर अजून खोक्यातल्या कागदाचे तुकडे चिकटलेले. नागोजी बोट ठेवायचा आणि म्हणायचा, स्टॉक ऐती, म्हणजे आहे, आणि कमिटीचा माणूस खूण करायचा.

रशियनपाशी आला. हूक बरोबर. टायर बरोबर. सीट, वजन, सगळं बरोबर. मग त्याने बॉनेट उघडलं आणि पंपावर बोट ठेवलं. ते बोट तिथेच राहिलं. त्याने फिल्टरवर ठेवलं, पुन्हा पंपावर आणलं. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "स्टॉक इल्लरी, अण्णा."

"ठाऊक आहे की," भावजी म्हणाले, आणि हसून हँडल उचलून पुढे झाले. त्यांना वाटलं, नेहमीचंच.

नागोजीने त्यांचं मनगट धरलं. "तसं नव्हे, अण्णा. रूल आहे."

भावजींना कळायला वेळ लागला. आम्हालाही. कळलं तेव्हा सगळ्यांत आधी भडकले ते हे, ज्यांनी अट घातली होती तेच. तडक सरांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, की अख्ख्या मैदानात कंपनीचा पार्ट न् पार्ट अंगावर असलेला हा एकच ट्रॅक्टर आहे, त्याला तुम्ही बाद करता? सरांनी कागद काढला, चष्मा लावला, परत वाचला. त्यांचाही चेहरा उतरला होता. म्हणाले, "श्रीकांत, शब्द मी घातलेला नाही रे. तिकडचाच आहे. स्टॉक पाहिजे म्हणजे पाहिजे." कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, की सकाळी एकाला परत पाठवलं, आता हुबळीवाल्यांना सोडलं तर तो आमची अब्रू काढील. त्यांचंही खरं होतं.

नागोजीने आपल्या पेटीतून दुसऱ्या कंपनीचा पंप काढला. स्टॉकमधला होता. भावजींनी नाही म्हटलं नाही, एवढंच मी सांगते. जन्मभर जे केलं नाही, त्याला ते त्या घटकेला तयार झाले. स्वतःच्या हाताने बोल्ट सैल केले, जुना पंप काढून मांडीवर घेतला, आणि नागोजीने नवीन लावून बघितला. भोकं जुळेनात. फिरवून बघितला, खाली पत्रा घालून बघितला. नाहीच जुळली. भावजींनी मांडीवरचा पंप माझ्या इस्त्रीच्या शर्टाने पुसला आणि जागेवर बसवला.

मग रशियन मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि शर्यत झाली. भावजी शेवटपर्यंत उभं राहून बघत होते. कुणी चांगलं ओढलं, की टाळ्या वाजवत होते. मला इतका राग आला होता, की कानशिलं तापली होती, आणि काढावा कुणावर तेच कळेना. नागोजीवर काढावा, तर तो लॉरीच्या आड जाऊन बसला होता. सरांवर काढावा, तर ते सारखे येऊन पाणी हवं का विचारत होते. ह्यांच्यावर काढावा, तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक कुणाची असती, तर बरं झालं असतं.

संध्याकाळी रशियन आला तसाच स्वतःच्या चाकांवर घरी आला. हँडल खिळ्यावर गेलं.

आता खरी गंमत सांगते, गंमत म्हणायची असेल तर. घरी आल्यावर ह्यांना गोदाम नको झालं होतं. रात्री मला म्हणाले, की अण्णाने एकदा नुसतं म्हणावं, राहू दे म्हणून, मी पाया-बिया सगळं सोडतो. मी सकाळी भावजींना चहा देताना तसं सुचवलं. म्हटलं, एकदा बोलून बघा की भावाशी, ते ऐकतील. भावजी बशीत चहा ओतत म्हणाले, शब्द झालाय, मंगला. मी पुन्हा ह्यांच्याकडे. म्हटलं, तुम्हीच सांगून टाका. हे म्हणाले, मी सांगितलं तर त्याला कीव केल्यासारखं वाटेल, तो आयुष्यात कुणाची कीव घेत नाही. एक विचारण्याची वाट बघत होता, दुसरा विचारणार नव्हता, आणि मी मधे कपबशा घेऊन हेलपाटे घालत होते. दोघं सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि मला एकालाही हलवता आलं नाही. शेवटी एकदा जेवताना भावजींनीच विचारलं, "श्रीकांत, पाया कधी काढायचा?" ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. पण तोंडातून निघालं ते, पुढच्या आठवड्यात, असंच निघालं.

रशियन मोडीत द्यायचं ठरलं. भंगारवाला म्हणाला, की गल्लीत लॉरी येणार नाही, परसातच गॅसने कापून नेऊ. ते मात्र भावजींनी ऐकलं नाही. मीच आणून देतो, म्हणाले. त्यांनी हँडल मारलं, रशियनने एकदा खोकून धूर सोडला, माझ्या दोरीवरच्या चादरीवर सोडला, आणि मी चादर तशीच राहू दिली. हे मडगार्डवर बसले. गल्लीच्या तोंडाशी नागोजीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं होतं. मोडीत जायची वस्तू अशी ठणठणीत चालत गेलेली मी तेव्हाच पाहिली.

दोघं सिटी बसने परत आले. भावजी आले ते सवयीने स्वयंपाकघराच्या दारामागे गेले, आणि खिळ्याला हँडल अडकवलं. अडकवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. तिथे ट्रॅक्टर बंद केल्यावर सवयीने हँडल काढून घेतलं होतं आणि बसमधून हातात धरून आणलं होतं, आणि शेजारी बसलेल्या ह्यांनाही ते खटकलं नव्हतं. भावजींनी ते तिथेच राहू दिलं. मग हातपाय धुवायला गेले. मी भाताखालचा गॅस बंद केला आणि तिथेच बसून रडले.

पावसाळ्याआधी गोदाम झालं. भावजी त्यात पोती रचायचे. सोमवारी नागोजीकडे जायचे, पण विचारायला काही उरलं नव्हतं आणि नागोजीलाही म्हणायला. नुसता चहा व्हायचा.

पुढच्या जत्रेच्या तोंडावर प्रभंजन सर पुन्हा आले. बरोबर साकेत होता, अमेरिकेहून सुट्टीवर आलेला. दोघं इतक्या घाईने आत आले, की चपला उंबऱ्यातच राहिल्या. नागोजीला ते गल्लीच्या तोंडाशी बरोबर घेऊन आले असावेत. तो मात्र रस्त्यातच स्कूटर धरून उभा राहिला, आत येईना. रशियनचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं, आणि सरांना सांगायला त्याची जीभ रेटली नसणार.

सरांनी भावजींचे दोन्ही हात धरले. म्हणाले, "भीमसेन, माझ्याकडून घोटाळा झाला. स्टॉक म्हणजे दुकानातला स्टॉक नव्हेच. हा साकेत सांगतोय, ऐक."

साकेत बिचारा ओशाळून गेला होता. म्हणाला, की तिकडे स्टॉक ट्रॅक्टर म्हणजे कंपनीतून जसा बाहेर पडला तसाच्या तसा राहिलेला. काही न बदललेला. आणि काकांनी सांगितलं त्यावरून, मागच्या वर्षी त्या मैदानावर तसा एकच होता.

सर घाईघाईने पुढे बोलत होते. यंदा सगळ्यांत आधी रशियनच ओढणार. त्याची तपासणीसुद्धा नाही. उलट त्याला मैदानाच्या मधोमध उभा करून लोकांना दाखवायचं, की बघा, स्टॉक म्हणतात तो हा. हे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मी परसाच्या दाराकडे बघत होते, जिथून आता गोदामाची भिंत दिसते. सरांचं अजून तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

भावजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग साकेतला विचारलं, "कंपनीतून आला तसा?"

"हो काका. अगदी तसाच."

भावजींनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. सरांच्या हातातून त्यांनी हळूच आपले हात सोडवून घेतले, बाहेर रस्त्यात उभ्या असलेल्या नागोजीकडे एकदा पाहिलं, आणि परत पोती मोजायला बसता बसता, मान न वळवता, म्हणाले, "स्टॉक इल्लरी."